डावी सीट

गावातल्या निम्म्या लोकांना जिने गाडी चालवायला शिकवलं, तिने स्वतः एकोणसत्तर वर्षांची होईपर्यंत पाचवा गिअर टाकलेला नव्हता. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. पण ज्याने ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आतून पाहिली आहे, त्याला लगेच पटेल.

शिकाऊ माणूस उजवीकडे, स्टिअरिंगवर. शिकवणारी डावीकडे. तिच्या पायांशी जास्तीचा क्लच आणि ब्रेक बसवलेला. तिचा उजवा हात कायम गिअरच्या दांड्यावर, म्हणजे खरं तर शिकणाऱ्याच्या घामेजलेल्या हातावर. स्कूलच्या दारातून निघायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा आणि परत दारात. पहिला, दुसरा, फार झालं तर तिसरा. एखादा धीट निघाला तर गोदामांच्या मागच्या रस्त्यावर चौथा. तोवर समोरून हातगाडी यायचीच. अशी एकतीस वर्षं. सकाळी शेडमधून गाडी काढून दारात आणायची आणि संध्याकाळी परत नेऊन लावायची, एवढंच काय ते तिच्या वाट्याचं स्टिअरिंग. घरी स्कूटर होती, आणि ती तिसाव्या वर्षापासून तीच चालवायची; नवरा मागे, मांडीवर छत्री आडवी धरून.

"क्लच! अहो, क्लच म्हणतेय मी! पायपुसणं आहे का ते?" हे वाक्य भर दुपारी टाकीपर्यंत ऐकू जायचं, म्हणून तिचं नाव पडलं क्लचबाई. मूळ नाव आता फक्त पासपोर्टात उरलं आहे. लोकांचा तिच्यावर विश्वास फार. मुलांच्या आया लग्न ठरवताना तिला हळूच फोन करायच्या. "ती मुलगी तुमच्याकडे शिकली ना? स्वभावाला कशी आहे हो?" क्लचबाई सांगायची, "चढावर गाडी बंद पडली तरी रडली नाही. तुमचा मुलगा माझ्याकडे शिकला तेव्हा रडला होता. ती हो म्हणाली तर देव पावला समजा."

नवरा छापखान्यात मुद्रितशोधक. आमंत्रणपत्रिका, मतदारयाद्या, शाळांची नियमपुस्तकं, बसची वेळापत्रकं, जे जे छापायला येई ते सगळं त्याच्या लाल पेनाखालून जायचं. छापखान्यातले त्याला कानामात्रा म्हणत. कुणाच्या लग्नाला गेला की जेवणाआधी यजमानाला पत्रिकेतल्या चुका सांगून यायचा, आणि वर "मनाला लावून घेऊ नका, फक्त चारच आहेत" असा धीरही द्यायचा. क्लचबाईने त्याला एकदा गाडी शिकवायला घेतलं होतं. अकराव्या दिवशी गाडी चहाच्या टपरीच्या बाकापासून वीतभर अंतरावर थांबली, बाकावरचे दोघे टपरीच्या आत गेले आणि कानामात्रा दार उघडून खाली उतरला. म्हणाला, "या वाहनाचं आणि माझं एकमत होत नाही." त्या दिवसापासून घरात मोटारीचा विषय निघाला नाही. तिलाही कळलं की इथे पाय ठेवायचा नाही.

छापखाना बंद पडला आणि कानामात्रा घरी बसला. सुरुवातीला वर्तमानपत्रावर लाल खुणा करायचा. पुढे खुणाही थांबल्या. मग बोलणंच कमी झालं. "भाजी कोणती करू?" "कोणतीही." "आज बाहेर जायचं?" "बघू." अशी दोन वर्षं. क्लचबाईसारख्या बाईला तर हे म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये टाकून नुसतं बसून राहण्यासारखं.

मग लेकीने दोघांना परदेशाची तिकिटं काढून दिली. आठ दिवस, फक्त दोघांनी जायचं. तिकिटं आली त्याच आठवड्यात कानामात्राने बाजारातून जाड फाईल आणली. त्या देशातल्या बस, आगगाड्या, बोटी, डोंगरावर चढणाऱ्या तारेच्या पाळण्यांसुद्धा सगळ्यांची वेळापत्रकं त्याने संगणकावर काढली आणि स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घेतली. बदल लाल शाईत, पर्याय हिरव्या शाईत. चार महिने माणूस टेबलावरून हलला नाही. जेवताना आपण होऊन बोलायला लागला. "ऐकतेस का? नऊ सतराला गाडी पोचते आणि नऊ एकवीसला पुढची सुटते. चार मिनिटं! काय विश्वास आहे बघ या लोकांचा स्वतःवर!" अंघोळ करताना गुणगुणायलाही लागला.

क्लचबाईनेही त्याच आठवड्यात एक काम केलं होतं. परवान्याच्या कचेरीत जाऊन परदेशात गाडी चालवायचा परवाना काढून आणला होता. करड्या रंगाचं छोटं पुस्तक, आत तिचा फोटो. तिला एकदा, एकच दिवस, मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायची होती. शेजारी शिकाऊ माणूस नाही, समोर हातगाडी नाही, आणि पाचवा गिअर. पण ते पुस्तक घरी आणलं तेव्हा नवरा टेबलाशी गुणगुणत होता. तिने ते पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवलं आणि चेन लावून टाकली. माणूस दोन वर्षांनी बोलायला लागलाय, त्याच्या फाईलवर आपण गाडी कुठे घालायची?

पोचल्या दिवशी स्टेशनात कानामात्रा बसचे पास घेण्याच्या रांगेत उभा होता, तेवढ्यात तिने भाड्याच्या गाड्यांची खिडकी गाठली. खिडकीतल्या मुलीने हसून पासपोर्ट पाहिला आणि जरा थांबली.

"सत्तर पूर्ण झालेल्यांना आम्ही गाडी देत नाही. इकडे सगळ्यांचाच नियम आहे हा."

"मी एकोणसत्तर आहे."

"बुधवारपर्यंत," मुलगी म्हणाली. तिचंही खरं होतं. गुरुवारी क्लचबाईला सत्तर पूर्ण होत होती.

संध्याकाळी चहा पिताना तिने खडा टाकून पाहिला. "अहो, एखाद्या दिवशी गाडी घेतली तर? भाड्याने?"

"गाडी?" तिने हत्ती म्हटलं असतं तरी त्याने एवढ्या नवलाने पाहिलं नसतं. "अगं, इथे बस दोन मिनिटं उशिरा आली तर ड्रायव्हर माफी मागतो. गाडी घेऊन काय करायचं? जागा शोधत फिरायचं? आणि बसमध्ये दोघांनाही बाहेर बघता येतं. गाडीत एकाच्या वाट्याला नुसता रस्ता येतो." मग जरा हळू, "तुला माझा बेत आवडला नाही का?"

"आवडला की," ती म्हणाली. "बिस्किट घ्या."

खरं सांगायचं तर बेत उत्तमच होता. सोमवारी ते आगगाडीने डोंगरावर गेले, मंगळवारी बोटीतून पलीकडच्या काठाला. कानामात्रा थांब्यावर घड्याळ धरून उभा राहायचा आणि वळणावर बस दिसली की "आली!" असं ओरडायचा, जसं काही त्यानेच ती बोलावून घेतली होती. क्लचबाई पुढची सीट पकडायची आणि प्रत्येक ड्रायव्हरला मनातल्या मनात पास-नापास करायची. बसने वळण घेतलं की तिचा पाय आपोआप खाली दाबला जायचा. "हा मेला क्लचवर पाय ठेवूनच चालवतोय," ती पुटपुटायची. "अगं, या गाड्यांना क्लच नसतो." "म्हणूनच शेफारलाय." एका घाटात समोरून ट्रक आला तेव्हा बाई ड्रायव्हरने ती लांबलचक बस अशी मागे घेतली, की क्लचबाईने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या बसने वाजवल्या. ड्रायव्हर बाईने आरशातून मान लववली. क्लचबाई खूश झाली. ते स्टिअरिंग फिरताना पाहून तिच्या हातांना काय झालं, ते तिचं तिलाच माहीत.

बुधवारी ते तळ्याकाठच्या एका खेड्यात गेले. पन्नास घरं, एक दुकान आणि काचेचा बसथांबा. थांब्यासमोरच एक गॅरेज होतं, आणि गॅरेजच्या दारावर इंग्रजीत पाटी: गाड्या भाड्याने मिळतील. सकाळी उतरल्या उतरल्या क्लचबाईला ती दिसली होती. तिने चटकन तळ्याकडे तोंड फिरवलं होतं. दोघांनी तळ्याला चक्कर मारली, बाकावर बसून सँडविच खाल्लं, बदकांना नावं ठेवली. दोन पस्तीसला थांब्यावर येऊन उभे राहिले. दोन चाळीसची बस होती.

दोन चाळीस झाले. दोन पन्नास झाले. कानामात्राने घड्याळ कानाला लावलं. तीन वाजले.

"माफी मागायला तरी यायचा की," क्लचबाई म्हणाली.

कानामात्रा हसला नाही. तो थांब्यावरच्या काचेतल्या वेळापत्रकाला नाक लावून उभा राहिला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. दोन चाळीसच्या शेजारी एक बारीकसा तारा होता. तळाशी त्या ताऱ्याचा खुलासा चार भाषांत दिला होता: बुधवारी ही बस नाही, बुधवारी शाळांना दुपारची सुट्टी असते. पुढची बस सहा पन्नासला.

"हा तारा मी पाहिला होता," तो हळूच म्हणाला.

"मग?"

"मला वाटलं, छपाईत शाई उडाली आहे. मी तो काढून टाकला."

क्लचबाईला आधी कळेना. मग कळलं. फाईलमध्ये वेळापत्रक उतरवताना या माणसाने एका अख्ख्या देशाच्या बसखात्याचं मुद्रितशोधन केलं होतं, आणि त्यांची चूक समजून तारा गाळला होता. हसू तिच्या ओठांपर्यंत आलं. पण कानामात्रा बाकावर मटकन बसला होता.

"चौतीस वर्षं," तो म्हणाला. "चौतीस वर्षांत तळटीप सुटली नाही कधी. आणि तुला इथे आणून बसवलं. चार तास! वाऱ्यात!"

"वारा काय, छान आहे. शाल आहे माझ्या पर्समध्ये. काढा जरा."

हे बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, पण तोवर त्याने आतल्या कप्प्याची चेन ओढली होती. शालीऐवजी त्याच्या हातात करडं पुस्तक आलं. त्याने ते उघडलं. छापील मजकूर हातात आल्यावर तो माणूस वाचल्याशिवाय राहणारच नाही. त्याने पहिल्या ओळीपासून वाचलं.

"आडनावात एक अक्षर कमी आहे तुझ्या," तो म्हणाला. मग तारखेपाशी थांबला. "हे तू चार महिन्यांपूर्वी काढलंस?"

"हं."

"आणि बोलली नाहीस?"

"चार महिने तुम्ही फाईल करत होतात. गुणगुणत होतात. मी मध्ये कुठे हॉर्न वाजवू?"

"अगं, मग एखाद्या दिवशी..." तो अडखळला. "मी काय नाही म्हटलं असतं?"

"म्हटलंतच की, पहिल्या दिवशी चहा पिताना. हत्ती मागितल्यासारखं बघितलंत." मग तिने सांगूनच टाकलं, कारण आता झाकून ठेवायला उरलं काय? "मला एकदा पाचव्या गिअरमध्ये गाडी चालवायची होती. बास. दुसरं काही नाही. उद्या सत्तर पूर्ण झाली की इथे कुणी गाडी देत नाही, आणि आपल्या गावात पाचवा गिअर टाकायला रस्ताच नाही. पण राहू दे. बसपण मजेची आहे."

कानामात्राने पुस्तक मिटलं. समोरच्या गॅरेजच्या पाटीकडे बघितलं. ती पाटीही त्याने पूर्ण वाचली, खाली बारीक अक्षरात लिहिलेल्या वेळेसकट.

"पाचला बंद होतं," तो म्हणाला. "ऊठ. बसलीस काय?"

गॅरेजवाला पोटाने गोल, मिशांनी पांढरा, आणि इंग्रजीत चार शब्दांचा धनी होता. त्याने जन्मतारीख पाहिली, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, परत जन्मतारीख पाहिली. एक बोट वर केलं. "उद्या?"

"उद्या," क्लचबाई म्हणाली.

"मग आज!" असं म्हणून तो इतका गदगदून हसला की टेबलावरचे लोखंडी पाने वाजले. पाच ठिकाणी सह्या घेतल्या, उद्या संध्याकाळपर्यंत गाडी ठेवायला सांगितलं, आणि मोठ्या अभिमानाने एक चकचकीत पांढरी गाडी दाखवली.

क्लचबाईने आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "गिअर नाहीत."

"आपोआप," गॅरेजवाला म्हणाला. "सोपी."

"सोपी नकोय मला. आपोआप चालायचं असतं तर बसने गेले असते. गिअरची नाही का?"

होती एक. मागच्या शेडमध्ये, निळी, दारावर पोचा आलेली, त्याच्या स्वतःच्या वापरातली. पर्यटक तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत, असं त्याने हातवारे करून सांगितलं. क्लचबाईने तिच्या बॉनेटवर हात ठेवला, जसा नव्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर ठेवायची. "हीच."

आणि आता जी गंमत झाली ती या दोघांच्याच बाबतीत होऊ शकते. कानामात्राने मोठ्या अदबीने गाडीला वळसा घालून उजवीकडचं दार उघडून धरलं, गाडी चालवणारीने बसावं म्हणून. पण क्लचबाई तोवर डावीकडून आत जाऊन बसलीसुद्धा होती. एकतीस वर्षांची सवय. पाय आपोआप तिकडेच वळले.

"अगं, तू चालवणार आहेस ना?" तो वाकून म्हणाला. "मग इकडे ये. शिकवायच्या जागेवर काय बसलीस?"

"अगं बाई, खरंच की," असं म्हणत ती उतरायला निघाली आणि तिचा गुडघा कशाला तरी लागला. खाली बघितलं. स्टिअरिंग होतं. तिच्या समोर, डाव्या सीटपुढे.

चार दिवस ती या देशातल्या बसमध्ये बसत होती. ड्रायव्हर डावीकडे बसतो हे तिने रोज पाहिलं होतं. पण बघणं वेगळं आणि स्वतःच्या पोटापुढे चाक असणं वेगळं. तिने पाय हलवले. डाव्या पायाखाली क्लच, उजव्या पायाखाली ब्रेक, जिथे कायम असायचे तिथेच. उजवा हात खाली नेला, आणि बघायचीही गरज पडली नाही, गिअरचा दांडा तळहातात येऊन बसला. फक्त या वेळी त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा घामेजलेला हात नव्हता.

"अहो," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं. "अहो, माझ्या सीटला चाक फुटलंय!"

कानामात्रा बिचारा उघडं दार धरून उभाच होता. मग तोही उजव्या सीटवर बसला. म्हणजे शिकाऊच्या जागी. समोर बघितलं, पाय चाचपले, काहीच नव्हतं. "मला आयुष्यात इतकी सुरक्षित सीट मिळाली नव्हती," तो म्हणाला.

गॅरेजवाला मात्र काळजीत पडला होता. सत्तरीला टेकलेली बाई, सीटवर बसून रडतेय की हसतेय कळत नाही, आणि गाडी त्याची लाडकी. तो काचेपाशी आला. क्लचबाईने डोळे पुसले, गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला आणि दोन भिंतींमधल्या त्या अरुंद बोळातून एकदाही न थांबता गाडी सरळ मागे घेऊन रस्त्याच्या कडेला लावली. गॅरेजवाल्याने मिशीवरून हात फिरवला आणि दोन्ही अंगठे वर केले.

"उजवीकडून चालायचं," कानामात्रा म्हणाला.

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच सांगतोय. माहीत असलेलंच सुटतं. मी आजच सोडलंय."

तो दर वळणाला "उजवीकडे!" म्हणत राहिला, आणि एरवी कुणाचं ऐकून न घेणाऱ्या बाईने तेही ऐकून घेतलं. खेडं संपलं आणि पहिला गोल चौक आला. चार फाटे, चार पाट्या, प्रत्येक पाटीवर सहा-सहा नावं.

"कुठे वळू?"

"थांब, पाटी पूर्ण वाचू दे."

"थांबता येत नाही इथे!"

"मग परत एक चक्कर मार. दुसरं नाव लांब आहे."

तिने मारली. मग अजून एक मारली, कारण तिसऱ्या पाटीवर त्याला स्पेलिंगची शंका आली. तिसऱ्या चकरेला चौकातला एक सायकलवाला त्यांना हात करून गेला. दोघंही एवढे हसले की वळायचा फाटा परत गेला. चौथ्या चकरेला बाहेर पडले.

पुढे रस्ता सरळ झाला. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला कापलेलं गवत, मध्ये काळाभोर रस्ता आणि त्यावर कुणीही नाही. उन्हं अजून चांगली वर होती. क्लचबाईने तिसरा टाकला. मग चौथा. मग जरा थांबली. कशाला थांबली ते कानामात्राला कळलं. तिने क्लच दाबला, दांडा उजवीकडे नेऊन पुढे ढकलला. पाचवा.

इंजिनाचा आवाज खाली बसला. एकतीस वर्षं तिने जो घरघराट ऐकला होता तो संपला, आणि गाडी तुपातून सुरी जावी तशी सरकायला लागली. तिने एक हुंकार दिला, जेवण मनासारखं झाल्यावर देतात तसा.

"कसा आहे?" नवऱ्याने विचारलं.

"शांत आहे हो," ती म्हणाली. "एवढी शांत असते गाडी, मला कुणी सांगितलंच नाही."

तळं मागे पडलं. कानामात्रा आता खिडकीबाहेर बघत नव्हता. तो गिअरच्या गोळ्याकडे बघत होता. त्यावर आकडे छापले होते, आणि छापलेलं काही असलं की त्याची नजर तिथे जाणारच. त्याने मान वाकडी केली, चष्मा वर केला.

"अगं, ही पाचावर संपत नाही."

"म्हणजे?"

"इथे सहा छापलंय. सरळ खाली ओढायचा."

"सहा? काहीतरीच. शाई उडाली असेल."

"आज मी दुसऱ्यांदा फसणार नाही. सहाच आहे. ओढ."

तिने त्याच्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, क्लच दाबला आणि दांडा खाली ओढला. हजारो माणसांना शिकवलेल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा सहावा गिअर टाकला, आणि तोही नवऱ्याने शिकवल्यावर. ती मोठ्याने ओरडली. काय ओरडली ते लिहिण्यासारखं नाही, शब्दच नव्हता तो. गवतावरच्या दोन मेंढ्यांनी माना वर केल्या.

त्यांच्या मुक्कामाच्या शहराचा फाटा आला. कानामात्राने पाटी वाचली, पूर्ण वाचली, आणि काही बोलला नाही. फाटा गेला. बऱ्याच वेळाने तो सरळ होऊन बसला आणि घसा खाकरला. आता हा घाबरला, हळू घे म्हणणार, असं वाटून क्लचबाईने पाय जरा उचललाही.

"मघाशी पाटी गेली," तो म्हणाला. "तिच्यावर नव्वद लिहिलं होतं. तू ऐंशीवर आहेस."

"मग?"

"मग काय? छापलंय तेवढं तरी चालव."